मेंदूत खोलवर पाहणारा रोबोटिक सूक्ष्म एंडोस्कोप: ग्रिन लेन्स, मल्टिमोड फायबर की टोकावर कॅमेरा?

तंतुवेध (प्रश्न)

उंदराच्या मेंदूत बेसोलॅटरल अमिग्डलापर्यंत (भीतीसारख्या भावनांशी संबंधित खोल भाग) प्रोब नेऊन तिथल्या चेतापेशी काम करत असताना पाहायच्या आहेत. खोली पृष्ठभागापासून सुमारे ४.८ मिमी. पेशींत जीकॅम्प६एफ (पेशी सक्रिय झाली की उजळणारं प्रथिन) आहे, उद्दीपन ४८८ नॅनोमीटर. डोकं पट्टीला जखडलेलं राहील. पेशी तर दिसायलाच हव्यात, जमलं तर डेंड्राइटही (पेशीच्या बारीक फांद्या), म्हणजे १ ते २ मायक्रॉनचं रिझोल्यूशन. वेग सेकंदाला निदान ५ फ्रेम. टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने वरूनच पाहावं म्हटलं तर मिलिमीटरभराच्या पुढे फारसं हाती लागत नाही आणि थ्री-फोटॉनही इतकं खोल जात नाही. तेव्हा आत शिरणं भाग आहे.

टोकासाठी तीन पर्याय समोर आहेत: ०.५ मिमी व्यासाची ग्रिन लेन्स (सपाट टोकांची दंडगोल काच, जी आतल्या बदलत्या अपवर्तनांकाने प्रकाश वळवते), १२५ मायक्रॉनचं मल्टिमोड फायबर (गाभा ५० मायक्रॉन, एनए म्हणजे प्रकाश घेण्याच्या कोनाचं माप ०.२२) आणि ओम्निव्हिजनचा ओव्ही६९४८ हा ०.५७५ मिमी चौरस कॅमेरा. रोबोटच्या बाजूने मोटरची स्टेज, बल मोजणारा लोडसेल आणि टोक वळवण्यासाठी एकात एक सरकणाऱ्या वक्र निटिनॉल (लवचीक मिश्रधातू) नळ्या, म्हणजे एकाच छिद्रातून आसपासच्या दोन-तीन जागा पाहता येतील.

ऑप्टिक्स कोणतं घ्यावं? टोक वळवण्याची खटपट करावी का? किती वेगाने आणि किती बलापर्यंत ढकलावं? आणि हीच रचना पुढे माणसाच्या मेंदूसाठी वापरता येईल का?

मोडगणित

निवड रिझोल्यूशनवरून करू नका, व्यासावरून करा. ४.८ मिमी आत जाताना ०.५ मिमीची लेन्स ०.९४ घन मिमी ऊती बाजूला सारते. १२५ मायक्रॉनचं फायबर ०.०६ घन मिमी, म्हणजे सोळावा हिस्सा. कॅमेऱ्याचं मॉड्यूल लेन्ससकट ०.६५ मिमी चौरस असतं. त्यावर नळी आणि शेजारी प्रकाशाचं फायबर आलं की सगळं मिळून मिलिमीटरभर जाड होतं आणि आकडा ३.८ घन मिमीवर पोचतो. उंदराचा अख्खा मेंदू अर्ध्या घन सेंटिमीटरच्या आत असतो. ज्या मार्गाने प्रोब गेला तिथल्या पेशी तर जातातच, पण त्यांच्या वाटेतल्या रक्तवाहिन्या तुटल्या की ज्या भागाकडे पाहायचं आहे तोही आजारी होतो.

कॅमेरा लगेच बाजूला ठेवा. २०० × २०० पिक्सेल आणि १२० अंशांचं दृश्यक्षेत्र ही रचना पोकळीच्या भिंती पाहण्यासाठी आहे. पेशी वेगळी दिसणार नाही, शिवाय निळा प्रकाश अडवणारा फिल्टर टोकाशी बसवायला जागाच नाही.

ग्रिन लेन्स आणि मल्टिमोड फायबर यांत खरा प्रश्न एकच: तोच प्राणी, त्याच पेशी, आठवडेच्या आठवडे पाहायच्या आहेत का? तसं असेल तर ग्रिन लेन्सच घ्या. एनए ०.५ पर्यंत मिळतो, दृश्यक्षेत्र लेन्सच्या व्यासाच्या साधारण निम्मं म्हणजे २५० मायक्रॉनच्या आसपास, त्यात डझनावारी पेशी येतात. लेन्स डेंटल सिमेंटने कायमची बसते आणि वर मिनिस्कोप (डोक्यावर बसणारा छोटा सूक्ष्मदर्शक) ठेवता येतो. दोष दोन. मध्यापासून दूर गेलं की प्रतिमा ताणली जाते (दुरुस्तीसाठी लेन्सवर सूक्ष्म छपाईचा ॲस्फेरिक थर बसवता येतो) आणि लेन्सचं टोक एकदा जिथे बसलं तिथल्याच प्रतलाभोवती तुम्ही अडकता. लक्ष्य टोकाच्या १०० ते २०० मायक्रॉन खाली राहील असं बसवायचं.

एका बैठकीतलं निरीक्षण असेल, डोकं जखडलेलं असेल आणि कमीत कमी इजा हवी असेल, तर मल्टिमोड फायबर. तुमच्या फायबरचं गणित करू. फायबरमधून प्रकाश जितक्या वेगवेगळ्या रूपांनी जाऊ शकतो त्यांना मोड म्हणतात, आणि ते किती हे व्ही अंकावरून कळतं. व्ही अंक = २π × २५ × ०.२२ ÷ ०.४८८ = सुमारे ७१. स्टेप-इंडेक्स फायबरमध्ये एका ध्रुवीकरणातले मोड व्ही वर्ग भागिले ४, म्हणजे १२५० च्या जवळपास. याचा अर्थ प्रतिमेत स्वतंत्र माहितीचे बिंदू साधारण तेवढेच, पिक्सेल कितीही वाढवा. रिझोल्यूशन ०.४८८ ÷ ०.४४ = १.१ मायक्रॉन. तुमची अट पुरी होते. अडचण दृश्यक्षेत्राची आहे: ५० मायक्रॉन, त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेशी. आणि खोलीच्या दिशेने फोकस २५ ते ३० मायक्रॉन लांब असतो, कारण हा एक-फोटॉन प्रकाश आहे. त्यामुळे दाट लेबलिंग असलं तर सगळा भाग हिरवट धुक्यात जातो. विषाणूची मात्रा कमी ठेवून विरळ लेबलिंग करा. प्रतिमा कितपत स्पष्ट येणार हे यावर सगळ्यात जास्त ठरतं.

प्रतिमाफायबरचा जुडगा (हजारो बारीक गाभ्यांचा गठ्ठा, प्रत्येक गाभा एक बिंदू) तुम्ही विचारला नाहीत ते बरंच. त्यातल्या दोन गाभ्यांमधलं अंतर ३ मायक्रॉनहून जास्त असतं, आणि व्यासही शेकडो मायक्रॉन.

वक्रनलिका

टोक वळवण्याबद्दल. उंदरात करू नका. माझं मत ठाम आहे, आणि कारण साधं भूमितीचं आहे.

तिरक्या टोकाची सुई मऊ ऊतीत स्वतःहून वळते, पण मेंदूची दृढता किलोपास्कलच्या घरात, त्यामुळे तो सुईला बाजूने पुरेसा रेटा देत नाही. वक्रतेची त्रिज्या ७० मिमी मिळाली असं धरा. ५ मिमी खोलीवर बाजूचं सरकणं = ५ चा वर्ग ÷ (२ × ७०) = ०.१८ मिमी. एवढ्यासाठी अख्खी यंत्रणा? हेच माणसाच्या मेंदूत ६० मिमी वाटेवर २५ मिमी होतं. वळणं ही लांब वाटेवरच परवडणारी गोष्ट आहे.

एकात एक नळ्या ऊतीच्या रेट्यावर अवलंबून नसतात, त्या स्वतःच्या आकाराने वळतात. १ मिमी नळीला ६ टक्के ताण चालतो असं धरलं तर ८ ते ९ मिमी त्रिज्या मिळते. पण दोन त्रास आहेत. पहिला: आतली नळी पुढे सरकताना बाहेरच्या नळीचा आकारही बदलतो. टोक ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने मागचा भाग जाईल याची खात्री फक्त काही ठरावीक वक्रतांना असते. बाकी सगळ्या वेळी मागचा भाग बाजूला सरकतो आणि ऊती कापत जातो. दुसरा: वक्रता आणि लांबी दोन्ही जास्त असतील तर नळ्या एकमेकींत फिरवताना पीळ साठत राहतो आणि एका कोनाला झटक्यात सुटतो. हवेत हे नुसतं टेबलावर दिसतं, मेंदूत त्या झटक्याने रक्तस्राव होतो. मल्टिमोड फायबर वळणाऱ्या नळीत घातलं तर तिसरा त्रास वाढतो, तो मोडगणित सांगतीलच.

रोबोटचा खरा उपयोग सरळ रेषेत आहे. २० मायक्रॉनच्या टप्प्यांनी खाली जा, प्रत्येक टप्प्यावर चित्र घ्या. वाटेतल्या सगळ्या थरांचा स्तंभ मिळतो. बारीक फायबरमुळेच हे परवडतं.

बलाबद्दल. १२५ मायक्रॉन काचेचं फायबर एका टोकाला पकडलेलं आणि दुसरं टोक मोकळं, मोकळी लांबी १० मिमी: बाक येण्याचं बल सुमारे २१ मिलिन्यूटन. लांबी २० मिमी झाली की ५ वर येतं, कारण ते लांबीच्या वर्गाने घटतं. म्हणून फायबर स्टीलच्या बारीक नळीत चिकटवा आणि ८ ते १० मिमीच बाहेर ठेवा. थांबण्याची मर्यादा ८ मिलिन्यूटन ठेवा. १० ग्रॅम क्षमतेचा लोडसेल लागतो. १०० ग्रॅमचा घेतलात तर जे पाहायचं ते सेलच्या नॉइजमध्येच बुडून जाईल.

आलेख कसा वाचायचा: टोक पृष्ठभागाला लागलं की बल चढतं, पाया मॅटर (मेंदूला चिकटलेला आतला पातळ पडदा) भेदला की एकदम उतरतं, मग खोलीबरोबर हळू चढत जातं. पहिली उतरण आलीच नाही तर ड्युरा (बाहेरचा जाड पडदा) शिल्लक आहे. तिथे जोर लावायचा नाही. त्या वेळी मेंदूचा पृष्ठभागच शेकडो मायक्रॉन खाली दबलेला असतो, स्टेजवरची खोली खोटी असते, आणि पडदा फाटला की टोक भलत्याच खोलीवर जाऊन आदळतं.

वेग १ ते २ मायक्रॉन प्रति सेकंद. १.५ धरला तर ४.८ मिमीला ५३ मिनिटं लागतात. घाई नको. दर ५०० मायक्रॉनला दोन मिनिटं थांबा, ऊती सैल होऊ द्या. लक्ष्याच्या ५० मायक्रॉन आधी थांबून बल स्थिर होईपर्यंत वाट पाहा, नाहीतर चित्र घेताना ऊती वर येत राहते आणि पेशी प्रतलातून निसटतात. स्टेपर मोटर असेल तर मायक्रोस्टेपिंग लावा, आणि दिशा बदलताना स्क्रूची ढिलाई किती ते आधी मोजून ठेवा.

स्टिरिओटॅक्सी

थोडक्यात दोन-चार गोष्टी, ज्या यंत्र कितीही चांगलं असलं तरी नडतात.

कवटी समतल करा. ब्रेग्मा आणि लॅम्डा (कवटीच्या सांध्यांवरच्या पुढच्या-मागच्या दोन खुणा) यांच्यात उंदरात साधारण ४ मिमी अंतर असतं. त्यांच्या उंचीत ५० मायक्रॉनचा फरक राहिला तर ०.७ अंशाचा कल येतो आणि अमिग्डलाच्या खोलीवर तुम्ही ६० मायक्रॉन बाजूला जाता. ग्रिन लेन्सला हे चालून जातं. ५० मायक्रॉन दृश्यक्षेत्राच्या फायबरला नाही.

ड्युरा काढाच. वाकवलेल्या बारीक सुईच्या टोकाने उचलून चिरायचा, ओढायचा नाही. छिद्र पाडताना थंड सलाइनची धार चालू ठेवा, ड्रिलच्या उष्णतेने खालचा कॉर्टेक्स सुजतो. पृष्ठभागावरची मोठी वाहिनी दिसली तर प्रवेशबिंदू १००-२०० मायक्रॉन हलवा आणि कोन त्या हिशोबाने बदला.

चित्र अचानक काळं पडलं तर नव्वद टक्के वेळा टोकावर रक्त असतं, हिमोग्लोबिन निळा प्रकाश गिळून टाकतं. १०० मायक्रॉन मागे या, थांबा. सुधारणा नसेल तर पूर्ण बाहेर काढा, टोक एन्झाइम डिटर्जंटने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्याच वाटेने पुन्हा आत जाऊ नका, तिथे आता रक्ताची गुठळी आहे.

ग्रिन लेन्स बसवलीत तर दोन ते चार आठवडे काही स्पष्ट दिसणार नाही. सूज आणि रक्त निवळायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्याच आठवड्यात प्रयोग फसला म्हणून प्राणी बाद करू नका. प्राणीप्रयोग समितीच्या अर्जात प्रोबचा व्यास, वेग आणि थांबण्याची बलमर्यादा आकड्यांत लिहा.

तंतुवेध

फार उपयोगी. निटिनॉल नळ्या रद्द केल्या, विरळ लेबलिंग आणि मल्टिमोड फायबर हे ठरवतो. आता कॅलिब्रेशन, म्हणजे आत कोणती प्रकाशाकृती सोडली की टोकासमोर कुठे ठिपका बनतो ते मोजून ठेवणं. या आकृत्या बनवणारा डीएमडी (सूक्ष्म आरशांची चिप) २२.७ किलोहर्ट्झचा आहे. १०० × १०० बिंदूंना सेकंदाला जेमतेम २ फ्रेम निघतात. हे वाढवता येईल का? आणि कॅलिब्रेशन झाल्यावर फायबर खाली सरकवलं की ते बिघडणार नाही का?

मोडगणित

बिघडेल. म्हणून फायबर सरकवूच नका. फायबर आणि त्याचं सगळं ऑप्टिक्स टेबलावर पक्कं ठेवा आणि रोबोटने प्राण्याला वर आणा. वक्रनलिकांनी सांगितलेले सगळे वेग, बलं, टप्पे तेच राहतात, फक्त मोटर प्राण्याच्या चौकटीखाली जाते. लोडसेल मात्र फायबरच्या बाजूलाच हवा, कारण प्राण्याच्या श्वासाने खालचा सेल सतत हलत राहील.

वळणारी नळी का नको तेही यातच आलं. फायबर वाकलं की प्रत्येक मोडचा कला-फरक बदलतो आणि ज्या आकृतीने एक ठिपका बनत होता तिने आता नुसता ठिपक्यांचा पसारा बनतो. फायबर आखूड ठेवा, ३० मिमी पुरे. त्या लांबीत सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद मोड यांच्यात १.७ पिकोसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे लेसरची तरंगलांबी ०.५ नॅनोमीटरच्या बऱ्याच आत स्थिर राहिली की काम भागतं. १ मीटर घेतलंत तर हीच मर्यादा ०.०१४ नॅनोमीटर होते. कोणताही लेसर घ्या, पण तो एकाच अनुदैर्ध्य मोडचा, म्हणजे एकच नेमकी तरंगलांबी देणारा हवा.

कॅलिब्रेशन असं. डीएमडी आणि लेसर तासभर आधी चालू करा, डीएमडी गरम होताना त्याचा आरसा किंचित वाकतो. फायबरच्या टोकासमोर सूक्ष्मदर्शक भिंग आणि वेगवान कॅमेरा ठेवा, आणि मध्ये पाण्याचा थेंब असू द्या. हवेत कॅलिब्रेट करून ५० मायक्रॉनवर फोकस बसवलात तर तो पाण्यात ६७ च्या आसपास जातो. डीएमडीवर ऑफ-ॲक्सिस होलोग्रामने एकेक इनपुट मोड पाठवा, प्रत्येकासाठी संदर्भकिरणाच्या (तुलनेसाठी सोबत नेलेला किरण) चार कला. १२५० × ४ म्हणजे ५००० फ्रेम. प्रत्यक्षात इनपुट मोड थोडे जास्तच घ्या, कारण डीएमडीवरची जाळी आणि फायबरचे मोड तंतोतंत जुळत नाहीत. संदर्भकिरण फायबरमधूनच नेला तर तो स्थिर असतो, पण तोही ठिपकेदार असल्यामुळे प्रतिमेत आंधळ्या जागा राहतात. बाहेरून नेला तर आंधळ्या जागा नाहीत, पण हवेच्या झुळकीनेही कला सरकते. बाहेरूनच न्या, झाकण घाला आणि मोजणी काही सेकंदांत संपवा. ध्रुवीकरण वर्तुळाकार ठेवा, सरळ स्टेप-इंडेक्स फायबरमध्ये ते बऱ्यापैकी टिकतं.

नुसत्या कला-नियंत्रणाने ठिपक्यात एकूण शक्तीच्या जास्तीत जास्त π/४, म्हणजे ७८ टक्के येऊ शकतात. उरलेला प्रकाश आजूबाजूला पसरून पार्श्वभूमी वाढवतो. हा आकडा रोज मोजा. सकाळी ६० टक्के असलेला संध्याकाळी ४० वर आला असेल तर तो दिवस संपला, पुन्हा कॅलिब्रेट करा. डीएमडीच्या द्विमान (प्रत्येक आरसा फक्त चालू किंवा बंद) होलोग्रामची कार्यक्षमता सिद्धान्तातच १० टक्के आहे, त्यामुळे टोकाला १०० मायक्रोवॉट हवे असतील तर लेसर ५० मिलिवॉटचा घेतलेला बरा.

वेगाचं उत्तर: सगळं क्षेत्र पुन्हा पुन्हा स्कॅन करू नका. आधी एकदा पूर्ण चित्र घ्या, पेशी ओळखा, मग फक्त त्यांवरचे बिंदू. ८ पेशी, प्रत्येकी २० बिंदू म्हणजे १६० आकृत्या, सेकंदाला १४० फेऱ्या होतात. जीकॅम्प६एफला १० ते २० हर्ट्झ पुरतात, तेव्हा उरलेला वेळ प्रत्येक बिंदूवर जास्त फोटॉन गोळा करायला वापरा. पेशींबाहेरचे दहा-वीस बिंदूही घ्या, पार्श्वभूमी वजा करायला आणि प्राणी हलला का ते कळायला. बाजूला सरकणं नंतर गणिताने सुधारता येतं, प्रतलाबाहेर गेलेली पेशी परत आणता येत नाही.

आकृत्या डीएमडीच्या स्वतःच्या मेमरीत चढवाव्या लागतात, संगणकातून या वेगाने पाठवता येत नाहीत. १०२४ × ७६८ ची एक आकृती ९८ किलोबाइट, १०,००० आकृत्या म्हणजे जवळजवळ १ गिगाबाइट. विकत घेण्याआधी नियंत्रक बोर्डाची मेमरी तपासा.

आणखी एक: सपाट टोकासमोरच्या २०-३० मायक्रॉनमधल्या पेशी दाबल्या गेलेल्या असतात. फोकस ५० मायक्रॉनवर ठेवा. मध्यरेषेवर १५० मायक्रॉनपर्यंत पूर्ण एनए मिळतो, पुढे तो घटतो. टोक ४५ अंशांत घासून त्यावर धातूचा थर दिलात तर बाजूची, कमी दबलेली ऊती दिसते, आणि प्राण्याची चौकट फिरवता आली तर एका वाटेने चारही बाजू.

शल्यदृष्टी

शेवटच्या प्रश्नावर, म्हणजे माणसाच्या मेंदूवर. तीच रचना मोठी करून चालणार नाही, आणि तिथे तुम्ही टाकून दिलेले दोन्ही पर्याय परत येतात.

माणसाच्या मेंदूत आजही बारीक गोष्टी खोलवर जातातच: एसईईजी इलेक्ट्रोड (अपस्माराचं मूळ शोधणारा) ०.८ मिमी, खोल उद्दीपनाचा इलेक्ट्रोड १.२७ मिमी. म्हणजे मिलिमीटरभर व्यास ऊतीतून सरळ रेषेत नेण्याचा अनुभव आणि स्टिरिओटॅक्टिक रोबोट दोन्ही आहेत. एमआरआयवर वाट आखताना वळकटीच्या माथ्यावरून शिरायचं, खाचेतून नाही, कारण वाहिन्या खाचांत असतात. एमआरआयला न दिसणाऱ्या वाहिन्यांसाठी टोकाला ओसीटी (परतणाऱ्या प्रकाशावरून ऊतीतले थर दाखवणारं तंत्र) फायबर देता येतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बायोप्सीच्या सुईत ओसीटी बसवून शस्त्रक्रियेदरम्यान ५०० मायक्रॉनहून जाड वाहिन्या ओळखल्याचं प्रसिद्ध केलं. ऊतीतल्या प्रोबमध्ये पेशी दिसण्यापेक्षा पुढची वाहिनी आधी कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वळणाऱ्या नळ्या आणि टोकावरचा कॅमेरा यांची जागा मेंदूच्या पोकळ्यांत आहे. तिथे द्रव आहे, वळताना काही कापलं जात नाही. कोखर बिंदूतून (कोरोनल सांध्याच्या सेंटिमीटरभर पुढे, मध्यरेषेपासून अडीच ते तीन सेंटिमीटर बाजूला) सरळ एंडोस्कोप तिसऱ्या पोकळीच्या तळाशी नीट पोचतो. पण त्याच बैठकीत मागे पिनियल ग्रंथीच्या भागातली गाठ तपासायची असेल तर छिद्र आणखी पुढे हवं असतं. सरळ नळी तिथपर्यंत तिरकी केली की मोन्रोच्या छिद्राच्या (बाजूच्या पोकळीतून तिसऱ्या पोकळीत जाणारी वाट) कडेला फॉर्निक्सवर (स्मृतीशी संबंधित तंतूंचा पट्टा) दाब येतो, आणि त्याची किंमत रुग्णाच्या स्मरणशक्तीला मोजावी लागू शकते. इथे वक्र नळीचं काम खरोखर आहे.

कॅमेऱ्याचं दृश्यक्षेत्र पाण्यात मोजा. सपाट काचेमागे हवेतले १२० अंश पाण्यात ८१ होतात. सलाइन आत सोडताना बाहेर जाणारी वाट उघडी आहे ना हे रोबोटच्या नियंत्रणातच तपासलं जावं, नाहीतर पोकळीतला दाब वाढतो. उलट द्रव जास्त निघाला तर मेंदू काही मिलिमीटर खचतो आणि आधीचा एमआरआय नकाशा तेवढ्याने खोटा ठरतो. त्यामुळे नकाशावरून पोकळीपर्यंत जा, आत गेल्यावर कॅमेऱ्यातल्या खुणांवर भरवसा ठेवा: कोरॉइड प्लेक्सस (पोकळीतला द्रव बनवणारं वाहिन्यांचं जाळं), त्याच्या मागोमाग मोन्रोचं छिद्र.

निर्जंतुकीकरण आराखड्याच्या पहिल्या दिवशीच ठरवा. १३४ अंशांच्या वाफेत बरेच प्रकाशीय गोंद सुटतात आणि लेन्समागे धुकं धरतं. इथिलीन ऑक्साइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा चालतो, पण प्लाझ्माला लांब आणि अरुंद पोकळ नळ्यांचं वावडं आहे, आणि एकात एक घातलेल्या निटिनॉल नळ्या नेमक्या तशाच असतात. त्या सुट्या होतील अशी जोडणी करा, आणि पुन्हा जोडल्यावर प्रत्येक नळीचा शून्य कोन खाचेत बसूनच ठरेल असं बघा.